चनखलच्या दरीतील बारदा धबधबा

लिंबायतच्या मुलांना पाणी ठाऊक आहे ते मिठी खाडीचे. पावसाळ्यात खाडी फुगली की ती वस्तीत शिरते. दप्तरे माळ्यावर चढतात. ऑगस्ट २००६ मधील तापीचा महापूर तर आईबापांच्या बोलण्यात अजून येतो. पाण्याचे दुसरेही रूप या मुलांना दाखवावे, म्हणून एका श्रावणात वरच्या वर्गातील काही मुलांना घेऊन आम्ही डांगात गेलो.

डांगात जाण्यासाठी बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद रुळांची गाडी १९१३ मध्ये, गायकवाडी अमलात, सुरू झाली. आम्ही मात्र बसने आहवा गाठले. तेथून जवळच चनखल हे गाव आहे. गावातील एका वृद्ध गृहस्थांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतले आणि पायवाटेला लागलो.

प्रथम नागलीची हिरवी शेते लागली, मग साग आणि बांबूची बेटे. वाट ओढ्याशी उतरते आणि दोन्ही बाजूंचे काळे कडे जवळ येऊ लागतात. धबधबा दिसत नाही. नुसता ऐकू येतो. एक वळण घेतले आणि तो समोर उभा राहिला! मुले क्षणभर बोललीच नाहीत. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर. त्यांतील मऊ थर पाणी आधी पोखरते, वरचा कठीण थर पुढे राहतो आणि अशी पायरी तयार होते, हे मी तेथेच समजावून सांगू लागलो.

एवढ्यात वाटाडे ओढ्याकडे पाहत मोठ्याने काही बोलले. मला ते नीट उमगले नाही. परंतु खानदेशी घरांतील मुले तत्काळ पाण्यातून बाहेर पडली आणि इतरांना ओढून वर चढली. पाणी गढूळ होत होते. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला होता. थोड्याच वेळात, ज्या दगडांवर आम्ही उभे होतो ते दिसेनासे झाले.

१ मे १९६० रोजी डांग गुजरातेत आला. पण तेथील बोलीचे नाते खानदेशाशी आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणातही डांगीची गणना खानदेशीबरोबर केलेली आहे. हे मी वाचलेले होते. तरीही वर्षानुवर्षे मुलांच्या तोंडची अहिराणी 'अशुद्ध' म्हणून खोडीत आलो. त्या दिवशी एम.ए.ची पदवी गप्प होती आणि ती बोलीच कामी आली.

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असतील, तर पाऊस ओसरू लागल्यावर जावे. उन्हाळ्यात धार आटते. गावातील माणूस बरोबर घ्यावा. आभाळ भरलेले असताना दरीत उतरू नये आणि पाण्याचा रंग पालटताच वर यावे.

परतल्यावर एका मुलाने सहलीवरील निबंध अर्धा अहिराणीत लिहिला. त्यावर मी लाल शाई वापरली नाही. तो वर्गात मोठ्याने वाचावयास सांगितला.