सातबारा वाचा, बिल्ला पाहा

रिह्याला नवे शेत घेतलेत, बैलजोडी आणलीत. आता नोंदीचे काय?

खरेदीखत झाले म्हणजे सारे झाले, असे समजू नका. त्याची खबर तलाठी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जाते. ते फेरफार लिहितात. हरकतीला 15 दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तेव्हाच सातबाऱ्यावर तुमचे नाव चढते. जुन्या धन्याचेच नाव राहिले, तर उद्या तो त्याच जमिनीवर कर्ज काढील!

बैलाच्या कानात 12 आकडी बिल्ला असतो. गुरांच्या दवाखान्यात जाऊन तोही आपल्या नावावर करून घ्या.

आता तुम्हांला वाचता येते. सातबारा स्वतः वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र बरोबर आहे ना? चूक दिसली, तर लगेच अर्ज द्या.