गणवेश उतरल्यावर : डॉ. हेक्टर गार्सिया

देशासाठी रक्त सांडले की गावात माणूस म्हणून जागा मिळते, अशी एक समजूत आहे. ती तपासायची तर डॉ. हेक्टर गार्सिया यांचे जीवन पाहावे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १९१४ मध्ये मेक्सिकोत झाला. तिथल्या क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब अमेरिकेतील टेक्सास राज्यात आले. १९४० मध्ये ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात उत्तर आफ्रिका व इटलीत होते. युद्धानंतर कॉर्पस क्रिस्ती शहरात त्यांनी दवाखाना काढला. तिथे मेक्सिकन वंशाचे माजी सैनिक गाऱ्हाणी घेऊन येत. कोणाचा भत्ता अडलेला, कोणाला इस्पितळात खाट नाही. २६ मार्च १९४८ रोजी गार्सियांनी त्यांची ‘अमेरिकन जी. आय. फोरम’ ही संघटना उभी केली. जी. आय. म्हणजे अमेरिकी सैन्यातला साधा शिपाई.

पुढच्याच वर्षी कसोटी आली. फेलिक्स लाँगोरिया हा शिपाई १९४५ मध्ये फिलिपीन्समध्ये मारला गेला होता. त्याचे अवशेष १९४९ मध्ये परत आणले गेले. थ्री रिव्हर्स या त्याच्या गावी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याने आपले प्रार्थनागृह द्यायला नकार दिला. कारण एवढेच, की गोऱ्यांना ते आवडणार नाही. ज्यांचे मसणवटेही वेगळे ठेवले गेले, त्या आपल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. गार्सियांनी तारा पाठवल्या, सभा भरवली. सिनेटर लिंडन जॉन्सन मध्ये पडले आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लाँगोरियाला लष्करी इतमामाने पुरले गेले. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने मात्र भेदभाव झालाच नाही, असा बहुमताने निर्वाळा दिला.

म्हणजे राजधानीजवळ जागा मिळाली, गावात नाही. शिवाय, ज्याने कधी गणवेश चढवलाच नाही त्या मजुराचे काय? फोरम या प्रश्नापाशी अडली नाही. मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध ती लढली. पीट हर्नांडेझ या शेतमजुरावरील खुनाच्या खटल्यातही तिने पाठबळ दिले. त्या जिल्ह्यात २५ वर्षांत मेक्सिकन आडनावाचा एकही माणूस ज्यूरीत बसला नव्हता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वगळणूक एकमताने घटनाबाह्य ठरवली.

गार्सिया १९९६ मध्ये वारले. सैनिकी सेवेचा दाखला दार ठोठावायला उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवले. पण तोच दाखला हक्काची अट झाला, तर मजूर, बाया, मुले बाहेरच राहतात. फोरमने तशी अट घातली नाही. कार्यकर्त्यांनी तिच्याकडून घ्यावे ते हेच.