रोहिणीतील कॅल्शियमचा हिशेब

ट्रेडमिलवर धावून ‘स्ट्रेस टेस्ट’ व्यवस्थित पार पडलेली, ईसीजीही निर्दोष. आणि तरी काही महिन्यांतच हृदयविकाराचा झटका! अशा वेळी नातेवाइकांचा पहिला रोष तपासणीवर असतो. परंतु स्ट्रेस टेस्ट हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते का, एवढेच पाहते. रोहिणीच्या भिंतीत रोग किती मुरला आहे, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.

रोहिणी म्हणजे गंज चढत जाणारा नळ, ही आपल्या मनातील प्रतिमाच मुळात अपुरी आहे. भिंतीत मेदाचा थर साचू लागला की रोहिणी प्रथम बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतला मार्ग मोकळा ठेवते. सेमूर ग्लागोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की थराने रोहिणीच्या छेदाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही. म्हणजे रोग वर्षानुवर्षे वाढत असतो. लक्षण मात्र नसते. असाच एखादा मऊ, पातळ आवरणाचा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि झटका येतो.

मग या मूक काळात रोगाचा सुगावा लागावा कसा? पहिला मार्ग गणिताचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ रहिवाशांचा अभ्यास सुरू झाला. वय, लिंग, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांवरून येत्या १० वर्षांतील धोका टक्केवारीत सांगणारी सूत्रे त्यातून तयार झाली. त्यांचा एक दोष मात्र मोठा आहे. या सूत्रांत वयाचे वजन फार. ३८ वर्षांच्या, रोज सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा १० वर्षांचा धोका कमीच दिसतो आणि तो निर्धास्त होतो. शिवाय ही टक्केवारी समूहाची असते. १०० जणांपैकी १० जणांना झटका येईल असे ती सांगते, ते १० कोण हे नाही.

येथे प्रतिमा उपयोगी पडते. साचलेल्या थरात कालांतराने कॅल्शियम बसते आणि ते सी.टी. स्कॅनमध्ये पांढरे चमकते. डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये त्याची मोजणी बसवली. प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ घ्यायचे, त्याच्या घनतेनुसार १ ते ४ पैकी एका अंकाने गुणायचे आणि सर्वांची बेरीज करायची. ४ चौरस मिलिमीटरचा ठिपका, घनतेचा अंक ३, तर गुण १२. इंजेक्शन लागत नाही, काही सेकंद श्वास रोखला की काम भागते. शून्य गुण आल्यास नजीकच्या वर्षांतील धोका अत्यल्प मानला जातो. १०० च्या पुढे मात्र स्टॅटिन गोळ्यांचा विचार गंभीरपणे होतो. ‘मेसा’ या अमेरिकी अभ्यासाच्या २००८ मधील निष्कर्षानुसार १०१ ते ३०० गुण असलेल्यांना हृदयविकाराचा धोका शून्य गुणवाल्यांच्या सुमारे पावणेआठ पट होता.

खरी गंमत पुढे आहे. गोळ्या नेमाने घेणारा रुग्ण काही वर्षांनी पुन्हा स्कॅन करतो आणि गुण वाढलेले पाहून हबकतो. औषध निष्फळ ठरले काय? तसे नाही. स्टॅटिनमुळे मऊ थर घट्ट होऊन त्यात कॅल्शियम दाट बसते; असा थर फुटण्याची शक्यता कमी. पण गुणपद्धतीत घनता वाढली की गुण वाढतात! स्थिरावलेला रोग आकड्यात मात्र वाढलेला दिसतो. म्हणूनच उपचार सुरू असताना हे गुण वारंवार मोजण्यात फारसा अर्थ नाही.

मऊ थर पाहायचा तर सी.टी. अँजिओग्राफी हवी. तीत शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात आणि त्यासाठी मूत्रपिंडाचे कार्य आधी तपासावे लागते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना तिची जोड मिळालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू वा झटका २.३ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्क्यांना आला. स्कॅनने रोग बरा होत नाही. तो दिसल्यामुळे योग्य रुग्णांना औषधे सुरू झाली, हे त्यामागचे संभाव्य कारण.

भारतीयांबाबत प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘मेसा’मध्ये गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व चिनी वंशाचे लोक होते; आपण नव्हतो. ती उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाच्या ९०६ जणांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास २०१० मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक मानला आहे, तर ब्रिटनच्या ‘क्यू-रिस्क’ सूत्रात भारतीयांची स्वतंत्र नोंद असते.

आपल्याकडे झटका तुलनेने लवकरच्या वयात येतो आणि तरुण वयात कॅल्शियम बसलेलेच नसते. त्यामुळे चाळिशीच्या आतील, धूम्रपान करणाऱ्या किंवा वडिलांना अकाली झटका आलेल्या माणसाने शून्य गुणांवर विसंबणे धोक्याचे. मधुमेहींनाही तोच इशारा लागू आहे. ज्याला आधीच झटका येऊन गेला आहे वा स्टेंट बसला आहे, त्याला या गुणांची गरजच नाही. त्याचा रोग सिद्ध झालेला आहे. आणि छातीत दुखत असेल, घाम सुटत असेल, तर स्कॅनची वेळ ठरवत न बसता थेट रुग्णालय गाठावे.