शाळेच्या वाटेवरचा धावपटू ऑलिंपिकपर्यंत कसा पोहोचला?

शहागडला गोदावरी ओलांडली, की बीड जिल्हा लागतो. याच जिल्ह्यातल्या मांडवा (ता. आष्टी) गावचा अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, तर कधी धावत जायचा.

स्पर्धेत कधी उतरला?
बारावीनंतर तो लष्करात भरती झाला. २०१५ मध्ये, विशी ओलांडल्यावर, लष्करातील क्रॉस कंट्री शर्यतींपासून त्याची खरी सुरुवात झाली. पुढे तो स्टीपलचेसकडे वळला.

स्टीपलचेस म्हणजे काय?
३००० मीटरची शर्यत. त्यात २८ अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून ७ उड्या असतात.

काय कमावले?
२०१८ मध्ये ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य, २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी.

शाळकरी मुलांनी काय करावे?
विशीपर्यंत थांबू नये. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुक्यातून जिल्हा, विभाग आणि राज्य असा टप्पा गाठता येतो. प्रवेश शाळेमार्फत होतो. त्यामुळे पायांत वेग जाणवत असेल, तर आधी क्रीडाशिक्षकांना भेटा.