फेरफारांच्या मागावर

सकाळी ८.१० – लोणावळ्याहून लोकल सुटते. काकांच्या पिशवीत डबा, भिंग, पेन्सिल आणि काल पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल सातबारा. जमीन पवन मावळातली, घेणारा मुंबईचा. काका सर्च घेतात. आजच्या मालकाकडे जमीन कुठून कुठून आली, ते मागे मागे जात शोधायचं. वकील एका सर्चचे दीड हजार देतात. येणं-जाणं, झेरॉक्स त्यातच.

९.५० – वडगाव, तहसील कचेरी. अर्जाला कोर्ट फी तिकीट चिकटवलं. मग थांबायचं. दहा रुपयांचा चहा दोनदा होतो.

११.३० – दप्तर बांधलेला रुमाल सुटला. गाठ सोडताच काका दोनदा शिंकतात. आत फेरफारांची वही, गाव नमुना सहा. रकाने चार: अनुक्रमांक, हक्क कसा मिळाला, कुठले गट, आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही-शेरा. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी एक आकडा असतो, तो इथला. आकडा धरायचा, पान काढायचं. त्या पानावर आधीचं नाव. मग त्याचा आकडा. खरेदी, वाटणी, वारस, सोसायटीचा बोजा. पुढे गट नंबर संपतो, जुना सर्व्हे नंबर लागतो. त्याहीमागे कूळ कायद्याचं कलम ‘३२ ग’. काका बोट टेकवत नाहीत, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ओळ धरतात. कागद पापडासारखा झालाय.

१.४५ – भाकरी, मेथी. बोलणं नाही.

२.३० – १९८१ चा फेरफार. बाप वारला, वारस दोन मुलं, एक मुलगी. त्याखालच्याच नोंदीत मुलीचं नाव कमी. कारण? ‘वर्दीवरून’, म्हणजे कुणीतरी दिलेल्या खबरीवरून. नोटीस लागली, पंधरा दिवसांत हरकत नाही, नोंद प्रमाणित. काका भिंग लावून ओळ परत वाचतात. हक्कसोडपत्राचा दस्त नंबर कुठेच नाही. पोरीने खरंच सोडलं, की भावांनीच सांगितलं? वहीला एवढंच ठाऊक, की कुणी हरकत घेतली नाही. मला तर ही एक ओळ बाकीच्या साऱ्या वहीपेक्षा जड वाटली.

४.४० – वकिलांना फोन.
‘‘साहेब, बहिणीचा दस्त नाही.’’
‘‘रजिस्टरला बघितलं?’’
‘‘उद्या बघतो. पण बाई असतील तर त्यांची सही घ्या सरळ.’’
‘‘बरं. बिल सगळं झाल्यावर.’’
‘‘निम्मे तरी आज पाठवा, साहेब. उद्याचं झेरॉक्स कशातून करू?’’