करार झाला, पण मत कोणी दिले? डिलिव्हरी कामगार, युनियन आणि आपण

नाशिकमध्ये सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड या भागांतली आपली कितीतरी मुले आज पाठीवर बॅग अडकवून पार्सल आणि जेवण पोहोचवतात. कोणी पदवीधर आहे, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता संध्याकाळी चार-पाच तास गाडी चालवतो. त्यांच्या कामाच्या अटी बदलतात त्या मोबाइलवर. एखाद्या सकाळी ॲप उघडले की नवे रेटकार्ड समोर येते आणि खाली 'मान्य आहे' असे बटण असते. ते दाबल्याशिवाय काम सुरू होत नाही. पेट्रोल परवडते का, इन्सेंटिव्ह का कमी झाला, आयडी कशामुळे बंद पडला, याची चर्चा होते ती नंतर, चहाच्या टपरीवर.

याच धंद्यातले अमेरिकेतले ३ लाख ४० हजार कामगार २०२३ मध्ये एका नव्या कराराच्या मसुद्यावर जवळपास महिनाभर वाद घालत होते. मसुदा त्यांच्या हातात होता आणि 'नको' म्हणण्याचा पर्यायही होता. काम तेच, मग हा फरक कशाने पडला? आंबेडकरी चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हे नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

करार म्हणजे काय?

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील किंवा काका कायम कामगार होते, त्यांना 'वेतन करार' हा शब्द नवा नाही. जुन्या कराराची मुदत संपत आली की युनियन कामगारांना विचारून मागणीपत्र तयार करते आणि व्यवस्थापनाला देते. मग वाटाघाटीच्या फेऱ्या होतात, गेटवर द्वारसभा होतात. शेवटी तीन-चार वर्षांसाठी करारावर सह्या होतात. त्या दिवशी गुलाल उधळला जातो आणि वर्तमानपत्रात आकडा छापून येतो: अमुक हजारांची वाढ.

पण करार म्हणजे नुसता आकडा नव्हे. कामाचे तास किती, जादा काम नाकारता येईल का, नोकरीवरून काढायचे तर आधी कारण द्यावे लागेल का, नव्या भरतीला जुन्यांइतकाच पगार मिळेल का, तक्रार कोणाकडे न्यायची, हे सगळे करारात असते. आकडा वाचून टाळ्या वाजवणे सोपे असते. ही कलमे वाचून प्रश्न विचारणे हे युनियनच्या सभासदाचे खरे काम.

२०१८ चा धडा

अमेरिकेतल्या त्या कंपनीचे नाव यूपीएस आणि युनियनचे नाव टीमस्टर्स. २०२३ ची गोष्ट समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागेल.

२०१८ च्या करारात नेत्यांनी ड्रायव्हरांचा एक नवा वर्ग मान्य केला होता. कराराच्या कलमावरून त्यांना 'बावीस-चार' म्हणत. गाडी तीच, पार्सल तेच, पण पगार जुन्या ड्रायव्हरपेक्षा कमी. सभासदांनी मतदान केले तेव्हा ५४ टक्के मते कराराच्या विरोधात पडली. तरीही करार लागू झाला. कारण युनियनच्या घटनेत जुना नियम होता: निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केले असेल, तर करार फेटाळण्यासाठी दोन तृतीयांश विरोधी मते लागतात. मतदान निम्म्याच्या खाली होते आणि नेतृत्वाने त्या नियमाचा आधार घेतला.

सभासद चिडले, पण युनियन सोडून गेले नाहीत. त्यांनी आत राहून संघटन केले. २०२१ च्या अधिवेशनात तो नियम रद्द करून घेतला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत नेतृत्वही बदलले.

२०२३ मध्ये जुना करार ३१ जुलैला संपणार होता. जूनमध्ये ९७ टक्के मतांनी सभासदांनी संपाचा अधिकार नेत्यांना दिला. २५ जुलैला मसुदा ठरला. पहिल्या वर्षी तासाला २.७५ डॉलर आणि पाच वर्षांत ७.५० डॉलर वाढ, अर्धवेळ कामगारांना तासाला किमान २१ डॉलर, १ जानेवारी २०२४ पासून घेतलेल्या नव्या गाड्यांत एसी, ड्रायव्हरवर रोखलेल्या कॅमेऱ्यांना मनाई आणि मुख्य म्हणजे 'बावीस-चार' हा कमी पगाराचा वर्ग बंद, अशा त्यातल्या ठळक गोष्टी होत्या.

तरीही सगळे खूश नव्हते. गोदामात माल चढवणारे-उतरवणारे बहुतेक अर्धवेळ कामगार. त्यांतल्या अनेकांची मागणी २५ डॉलरची होती. संपाची एवढी तयारी असताना २१ वर का थांबायचे, असे ते विचारत. दुसरी बाजू म्हणे, दुजाभाव संपतोय, हातात आलेले सोडू नका. गोदामांच्या दारात आणि युनियनच्या बैठकांत हा वाद झाला. २२ ऑगस्टला निकाल लागला: ८६.३ टक्के मते कराराच्या बाजूने. मतदानही ५८ टक्के झाले, म्हणजे या वेळी निम्म्याहून जास्त.

करार झाला म्हणून प्रश्न संपले नाहीत. २०२५ मध्ये यूपीएसने सुमारे २० हजार पदे कमी करण्याचे आणि ७३ इमारती बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा युनियनने करारातले रोजगाराचे कलम पुढे केले. लेखी करार असल्याचा एक उपयोग हा असतो. कंपनीला जाब विचारताना कागद हातात असतो.

दर्जा दोन झाले की एकजूट फुटते

'बावीस-चार' ची गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. एकाच कामाला दोन दर्जे लावायचे, वरच्याला थोडे जास्त द्यायचे आणि खालच्याला तोडायचे, ही युक्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नाही, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनीच दाखवून दिले.

आणि हे त्यांनी कामगारांसमोर सांगितले ते आपल्याच जिल्ह्यात. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन तिथले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नकार देणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. रेल्वेत आपल्या माणसांना गँगमनच्या कामावरच ठेवतात, स्टेशन मास्तरच्या घरी काम करावे लागते म्हणून त्यांना पोर्टरसुद्धा करत नाहीत, कापड गिरण्यांत विणकाम खात्याची दारे त्यांना बंद असतात, ही उदाहरणे त्यांनी मांडली. कामगार संघटना हव्यातच, पण संघटनेच्या आतल्या विषमतेवर गप्प बसून एकजूट होत नाही, हा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी मुंबई सरकारने संपाच्या हक्कावर बंधने आणणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसोबत ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप पुकारला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी मालकांनी युनियनला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक १९४३ मध्ये मांडले. मान्यता नसेल तर वाटाघाटीला बसणार कोण, हा त्यामागचा साधा प्रश्न होता.

संघाची मतपद्धती

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की भारताला लोकशाही नवी नाही, बौद्ध भिक्खू संघात सभेचे सगळे नियम पाळले जात. ठराव मांडणे, गणसंख्या, मतमोजणी हे सारे तिथे होते. विनयपिटकात याचा तपशील सापडतो. प्रस्ताव आधी संघापुढे मांडायचा, त्याला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या कामात तो तीनदा पुकारला जाई. आजारी भिक्खूची संमती दुसऱ्याकरवी मागवली जाई. मतभेद असला की शलाका वाटून मत घेत. तेही तीन प्रकारे: गुप्त, कानात सांगून आणि उघड.

याकडे नुसत्या अभिमानाने पाहून भागणार नाही. आपल्या संघटनांना, मंडळांना, युनियनला हा आरसा लावून पाहावा लागेल. नेत्याने व्यासपीठावरून 'मंजूर आहे ना?' विचारायचे आणि टाळ्यांच्या कडकडाटात ठराव पास झाला म्हणायचे, ही पद्धत ना संघाची, ना संविधानाची. जिथे सुपरवायझर सभेत उभा आहे, जिथे ठेकेदाराचा माणूस नावे टिपतो आहे, तिथे गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे. तिथे गुप्त मतदानच हवे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे आहेत, ती एकटी वाटाघाटी करते. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची वाटाघाटी परिषद बनते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्क्यांची अट होती.

पण ॲपवर काम करणाऱ्याचे नाव हजेरीपटावर असतेच कुठे? कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला, मात्र त्याची व्याख्याच मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा कामगार अशी केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची, पण ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून जास्त नसेल. विमा आणि मदत मिळण्याची वाट यातून उघडते. रेट ठरवण्यात बोलण्याचा हक्क मात्र मिळत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२९-३० पर्यंत देशात असे २ कोटी ३५ लाख कामगार असतील असा अंदाज दिला आहे. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला डिलिव्हरी कामगारांनी अनेक शहरांत संप केला, तो याच कोंडीतून.

मार्ग नाहीत असे नाही. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात करार सोप्या भाषेत असावा, अटी बदलायच्या तर किमान १४ दिवस आधी कळवावे आणि काम बंद करायचे तर लेखी कारण द्यावे अशा तरतुदी आहेत.

महाराष्ट्राकडे तर याहून जुना अनुभव आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. माथाडीही एकाच मालकाचा नोकर नसतो, आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. तरी सरकार, मालक आणि कामगार यांचे मिळून मंडळ बनले, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेतली गेली आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार मिळू लागले. हे टिकवायलाही झगडावे लागते. हमाली आणि लेव्हीच्या वादावरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले होते. पण मालक ठरलेला नसला तरी हक्क ठरवता येतात, हे माथाडींनी पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.

आपण काय करू शकतो?

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या मुलांसोबत बसून सुरुवात करावी. पुढचे प्रश्न उपयोगी पडतील.

१. तुझे नाव कोणाच्या कागदावर आहे? कुरिअर कंपनीच्या, ठेकेदाराच्या की फक्त ॲपवर? ठेकेदाराकडे असशील तर पगाराची पावती, पीएफ आणि ईएसआय यांची चौकशी आजच करता येते.

२. ॲपवर असशील तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली आहे का?

३. 'मान्य आहे' दाबण्याआधी त्या अटींचा स्क्रीनशॉट काढलास का? गेल्या सहा महिन्यांत रेट किती वेळा बदलला, हे दहा जणांनी मिळून लिहून ठेवले तर तेच पहिल्या मागणीपत्राचा आधार होईल.

४. कोणी युनियनचे सभासद व्हा म्हणत असेल तर विचारा: मसुदा मराठीत वाचायला मिळेल का? मतदान गुप्त होईल का? ठेक्यावरच्या कामगाराला, रात्री काम करणाऱ्याला, आपल्या बहिणींना बोलायला जागा आहे का?

५. पदाधिकाऱ्यांत आपली माणसे आहेत का, की सतरंज्या उचलायला आपण आणि सह्या करायला दुसरे?

नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, येवल्याची घोषणा झाली. त्या प्रत्येक लढ्यात माणसाने स्वतःच्या आयुष्यावर स्वतः निर्णय घेण्याचा हक्क मागितला होता. रोज ८०-१०० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या मुलाला त्याच्या मजुरीवर मत देता येत नसेल, तर तो हक्क अजून पूर्ण मिळालेला नाही. मनमाड परिषदेला २०३८ मध्ये शंभर वर्षे होतील. तोवर नाशिकच्या डिलिव्हरी कामगारांनी आपला पहिला करार स्वतः वाचून, स्वतः मत देऊन करावा. त्यासाठी पहिली दहा जणांची बैठक या रविवारी आपल्या विहारात घेता येईल.

जयभीम!