गाडी तुम्ही पळवता, बोनस बाबांचा!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा नजर फिरवा. स्टिकर लावलेल्या, सायलेन्सर बदललेल्या, टाकीवर मालकापेक्षा जास्त प्रेम असलेल्या गाड्यांची रांगच रांग. आता एक प्रश्न. यातल्या किती गाड्यांच्या आरसी बुकवर त्या चालवणाऱ्याचं नाव असेल? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, ‘गाडी माझीच आहे, फक्त बाबांच्या नावावर आहे.’

हे ‘फक्त’ किती महागात पडू शकतं, तेच आज बघू.

आधी एक समज दूर करू. ‘मी वीस वर्षांचा, म्हणजे माझ्या गाडीचा विमा महाग असणार,’ असं अनेकांना वाटतं. परदेशी बाइकर्सचे व्हिडिओ बघून हा समज झालेला असतो. ब्रिटनमध्ये ते खरंच आहे. तिथे वय काय, लायसन्स किती वर्षांचं, आधी क्लेम किती केले, हे सगळं विचारून दर ठरतो. विशीतल्या नवख्याला चाळिशीतल्या मुरलेल्या चालकापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. दुचाकीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार वर्षाला ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि त्यावर २,८०४ रुपये, शिवाय कर. यात वयाचा रकानाच नाही. तुम्ही १९ वर्षांचे असा की ५९ वर्षांचे, १२५ सीसीच्या गाडीला दर तोच.

दुसरा भाग ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. इथे कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे. पण त्याचा पाया म्हणजे गाडीची आजची किंमत, तिचं वय, इंजिनाची ताकद आणि नोंदणीचं शहर. मुंबई-पुण्याची गाडी ‘ए’ झोनमध्ये, साताऱ्याची किंवा लातूरची ‘बी’मध्ये. थोडक्यात काय, तर वय मोजतात, पण गाडीचं!

मग अनुभवाला किंमत नाही?

आहे ना. तिचं नाव ‘नो क्लेम बोनस’, म्हणजेच एनसीबी. वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट. सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. सांभाळून गाडी चालवल्याचं आपल्याकडे विम्यात मिळणारं बक्षीस ते हेच.

आता मेख ऐका. हा बोनस गाडीला चिकटलेला नसतो, तो विमा ज्याच्या नावावर आहे त्याचा असतो. म्हणजे बारावीनंतरच्या सुट्टीत लायसन्स काढून तुम्ही पाच वर्षं एक ओरखडाही न पाडता गाडी चालवलीत, तरी ५० टक्के बोनस जमा झाला बाबांच्या खात्यात. नोकरी लागली, पहिल्या पगारातून डाउन पेमेंट भरून स्वतःच्या नावावर बाइक घेतली, की तुमची सुरुवात शून्यापासून. विमा कंपनीच्या दृष्टीने तुम्ही काल गाडी शिकलात.

उलट गाडी पहिल्यापासून तुमच्या नावावर असेल, तर जुनी विकताना कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या दुचाकीला तीच सूट लागू होते. जुन्या गाडीसोबत बोनस मात्र विकता येत नाही. सेकंड हँड गाडी घेताना ‘एनसीबी पण आहे हां’ असं कुणी सांगितलं, तर हसून सोडून द्या.

पाचशेसाठी सातशे

पार्किंगमध्ये गाडी पडली, मडगार्ड आणि इंडिकेटर फुटला. बिल १,२०० रुपये. ‘विमा आहे ना, टाक क्लेम!’ असं मित्र सांगतो. थांबा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. उरले ६००. त्यातून सक्तीची वजावट १०० रुपये. हातात आले ५००.

आता समजा तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम १,४०० रुपये आहे आणि यंदा बोनस ५० टक्क्यांवर पोचणार होता. एका क्लेममुळे तो थेट शून्यावर येतो. म्हणजे पुढच्याच नूतनीकरणात ७०० रुपये जास्त, आणि पुन्हा ५० टक्के गाठायला पाच वर्षं. त्यामुळे छोटं काम खिशातून करा, विमा मोठ्या दुखण्यासाठी ठेवा.

दुसरा खड्डा म्हणजे विसरभोळेपणा. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. ‘पाच वर्षांचं टेन्शन गेलं’ म्हणून आपण निवांत, आणि इकडे ओन डॅमेज कधीच संपलेला असतो. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनसही गेला.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट

इथपर्यंत प्रश्न काही शे रुपयांचा होता. आता जिवाचा.

पॉलिसीसोबत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं. अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर हे पैसे मिळतात. पण त्याचं नाव नीट वाचा, ‘ओनर-ड्रायव्हर’. नोंदणीकृत मालक आणि त्याच्याकडे वैध लायसन्स, तरच. गाडी बाबांच्या नावावर असेल, तर कव्हर बाबांना, रोज हायवेवरून जाणाऱ्या तुम्हाला नाही. आणि गाडी आईच्या नावावर असेल, आईकडे लायसन्सच नसेल, तर ते कुणालाच नाही!

‘मग थर्ड पार्टीतून मिळेल की!’ इतकं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं, की मालकाकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी येतो. कुणाची चूक हे न बघता मिळणारी भरपाई त्याच्या घरच्यांना त्याच गाडीच्या विम्यातून मागता येत नाही. म्हणजे तुम्ही त्या गाडीसाठी ‘तिसरे’ नसताच.

आणि हो, लायसन्स. १६व्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. क्लासला नेली जाणारी ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. अपघातात कुणाला इजा झाली, तर कंपनीने जखमीला दिलेली भरपाई नंतर गाडीच्या मालकाकडून, म्हणजे तुमच्या घरातूनच वसूल होऊ शकते.

आज रात्री एवढं कराच

- घरातली पॉलिसी उघडा. नाव कुणाचं, ओन डॅमेज कधी संपतो, एनसीबी किती, हे तीन रकाने बघा.
- गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर स्वतःसाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या.
- पुढची गाडी स्वतःच्या नावावर घ्या. अनुभव तुमचा, तर हिशेबही तुमच्या नावावर हवा.
- नूतनीकरणाआधी दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा. गाडी कमी चालवत असाल किंवा जपून चालवत असाल, तर त्यानुसार सूट देणारं कव्हर मिळतं का, तेही विचारा. विमा नियामकाने जुलै २०२२मध्ये त्याला परवानगी दिली आहे.

बाबांना आज चहाच्या वेळी विचारा, ‘आपल्या गाडीचा बोनस किती झालाय?’ पेट्रोलला पैसे मागण्याऐवजी हा प्रश्न आला, तर ते आधी दचकतील. मग पॉलिसीची फाइल स्वतःच काढून देतील.